साडेचारशे ग्रॅमची शिडी

शिडी आणि कॅमेरा यांतला फरक मला कळतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या ऑफिसात याबद्दल सध्या दोन मतं आहेत. शिडीवर माणूस चढतो, कॅमेऱ्यावर चढत नाही. इतकं पक्कं ज्ञान असूनही माझ्या हातून जे व्हायचं ते झालं आणि त्याची लाज मला अजून वाटते. लाज संध्याकाळपर्यंत ओसरते असा माझा आजवरचा अनुभव होता. ही ओसरली नाही. ही माझ्याबरोबर घरी आली आणि आता जेवताना शेजारी बसते.

मी नकाशा कार्यालयात खरेदीच्या टेबलावर काम करतो. आमच्याकडे टाचण्यांची डबी घ्यायची झाली तरी तीन दुकानांची दरपत्रकं मागवावी लागतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता करावा लागतो आणि त्या तक्त्यावर चार जणांनी सह्या कराव्या लागतात. चार वर्षं असं केल्यावर माणसाला दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने काही घेता येत नाही. आई मला बाजारात पाठवत नाही ती यामुळेच. एकदा मी तीन भाजीवाल्यांकडून कांद्याचे भाव सुवाच्य अक्षरात लिहून आणले होते. कांदे आणले नव्हते.

अशा माणसाला एके दिवशी वाटलं की आपण कॅमेरा घ्यावा. पहिलाच. मिररलेस.

"मिररलेस म्हणजे?" आईने विचारलं.

"जुन्या कॅमेऱ्यात आत एक आरसा असायचा. यात नसतो."

"मग स्वस्त असेल."

"नाही. महाग असतो."

आईने हातातली चादर घडी करून बाजूला ठेवली. "म्हणजे आरसा त्यांनी काढून घेतला, आणि काढल्याची मजुरी आपण द्यायची?"

या प्रश्नाचं उत्तर मी नंतर चार दुकानांत विचारलं. मिळालं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांनी तीस वर्षं लग्नांचे फोटो काढले, म्हणून सगळी इमारत त्यांना फोटोकाका म्हणते. त्या तीस वर्षांत त्यांनी इतकी माणसं हसवली की आता ते स्वतः हसत नाहीत. मी वर गेलो. माझ्या वहीत सोळा कॅमेऱ्यांची नावं होती. काकांनी वही घेतली, मिटली आणि खाली ठेवली.

"फोटो कशाचे काढणार तू?"

"ते अजून ठरलं नाही."

"मग कॅमेरा कशाला ठरवतोस? महिनाभर बोटांनी काढ." त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून चौकट केली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. "हे असं. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं ते कळलं की ये." मग चौकटीतून आणखी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तू बाहेर ठेवण्यासारखा आहेस."

मला सल्ला पटला. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाता-येता मी थांबून थांबून बोटांच्या चौकटीतून जग पाहू लागलो. एका बंगल्याच्या फाटकावर वेल छान पसरली होती. मी रस्त्यात उभा राहून एक डोळा मिटला, दोन पावलं मागे गेलो, एक पाऊल पुढे आलो. आतून बनियनवर एक गृहस्थ धावत आले.

"तुम्ही नकाशा कार्यालयातले ना? पाहिलंय तुम्हाला तिथे."

"हो, पण हे माझं खाजगी..."

"खाजगी म्हणजे आधी कळवायला आलात. समजलं. रस्ता रुंद करताना किती आत जातंय आमचं?"

मी म्हटलं, "वरचा भाग थोडा कापला जातोय, बाकी सगळं बसतं."

हे मी वेलीबद्दल बोललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्या गृहस्थांनी फाटकाबाहेरच्या दोन पायऱ्या आणि वरची पत्र्याची पडवी स्वतःच्या हाताने पाडून ठेवली होती. रस्त्यावर उभं राहून त्यांनी मला नमस्कार केला. मी बोटं खिशात घातली ती घातलीच, आणि तेव्हापासून ऑफिसला लांबच्या रस्त्याने जातो.

चार महिने गेले. दर आठवड्याला माझा एक कॅमेरा पक्का व्हायचा आणि त्याच आठवड्यात कुणीतरी दाढीवाला व्हिडिओत येऊन सांगायचा की हा कॅमेरा घेणाऱ्याने आयुष्यात पुन्हा काही विकत घेऊ नये. एका दुकानदाराने पाऊण तास मला सेन्सर, लेन्स आणि फोकस समजावून सांगितलं. मी मान हलवत होतो. शेवटी त्याने विचारलं, "मग कुठला देऊ?" मी म्हटलं, "लेखी द्या."

इथे माझ्यातला खरेदीवाला जागा झाला. आपल्याला जे येतं ते करावं, असं मी ठरवलं. तीन दुकानांना पत्रं पाठवली. मला पत्र एकाच प्रकारचं लिहिता येतं. 'विषय: दरपत्रक मागणीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये...' खाली सवयीने माझं पद आलं, आणि पदाखाली सवयीने ऑफिसचा पत्ता. सही केल्यावर ते माझ्या लक्षात आलं. खोडलं असतं तर पत्र घाणेरडं दिसलं असतं.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. खरं म्हणजे ही गोष्ट त्यांचीच आहे, मी तिच्यात फक्त चुका केल्या.

आमच्या तळघरात नकाशा कक्ष आहे. भिंतीला लावून छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांच्या नऊ कप्प्यांत गुंडाळलेले चार हजार नकाशे. ते सगळं एकट्या मावशी सांभाळतात. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणतात. खालचे सहा कप्पे त्यांच्या हाताला येतात. वरच्या तिन्हींसाठी त्या टेबलावर खुर्ची ठेवतात आणि खुर्चीवर स्वतःला. त्यांचा डावा गुडघा दुखतो. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका शिडीची मागणी केली. पहिल्या वर्षी शेरा आला, 'उंचीचा पुरावा जोडावा.' दुसऱ्या वर्षी, 'उंची कपाटाची अभिप्रेत आहे की कर्मचाऱ्याची, ते स्पष्ट करावे.' मावशींनी दोन्ही जोडल्या. तिसऱ्या वर्षी फाइल माझ्या टेबलावर आली.

"निवृत्तीला अकरा महिने राहिलेत रे," मावशी म्हणाल्या. "तेवढे तरी माणसासारखं चढू दे मला."

"या महिन्यात येणार म्हणजे येणार," मी म्हणालो. आणि ते मी अगदी मनापासून म्हणालो होतो. शिडीची तीन दरपत्रकं मागवली, तक्ता केला. मावशींनी तेवढ्यात शिडी अडकवायला भिंतीत दोन खिळेसुद्धा ठोकून घेतले.

शिडीचा तक्ता टेबलाच्या डाव्या खणात होता. कॅमेऱ्याचा उजव्या. दोन्हींवर 'पुरवठादार अ, ब, क', दोन्हींना मागे तीन दरपत्रकं टाचलेली. वस्तूचं नाव तक्त्यावर लिहायची आमच्याकडे पद्धत नाही, ते पुढच्या टिपणीत असतं. साहेबांचा फोन आला, शिडीची फाइल लगेच वर द्या. मी खण उघडला, तक्ता काढला, टिपणीला जोडला आणि फाइल वर पाठवली. जोडताना समोर मोबाइलवर व्हिडिओ चालू होता. एक गृहस्थ 'पहिला कॅमेरा घेताना होणाऱ्या सात चुका' सांगत होते. आठवी मी करत होतो.

फाइल आधी लेखा शाखेत जाते. तिथे जे काका आहेत त्यांना आम्ही आक्षेपकाका म्हणतो, कारण त्यांनी एकदा स्वतःच्या रजेच्या अर्जावर आक्षेप घेतला होता. त्यांची पद्धत अशी की फाइल स्वतःजवळ ठेवायची आणि प्रश्नाची चिठ्ठी तेवढी खाली पाठवायची. पहिली चिठ्ठी आली: 'वस्तूचे वजन साडेचारशे ग्रॅम दर्शविले आहे. खुलासा व्हावा.'

मला वाटलं, ॲल्युमिनियमची असेल. मी लिहिलं, 'आधुनिक तंत्रज्ञानामुळे वजन कमी आहे.'

दुसरी चिठ्ठी: 'वस्तू कमी प्रकाशातही उत्तम काम करते असे नमूद आहे. नकाशा कक्षात दिवे नाहीत काय?'

'आहेत. वीज गेल्यास उपयोगी.'

तिसरी: 'धुळीपासून संरक्षण आहे, असे म्हटले आहे. त्याची आवश्यकता?'

'कक्षात धूळ भरपूर आहे. हवी असल्यास नमुना पाठवतो.'

चौथी चिठ्ठी एवढीच होती: 'बॅटरी कशाला?'

इथे तरी मी उठून जिना चढायला हवा होता. पण खाली मावशी रोज विचारत होत्या, आणि मला वाटलं आक्षेपकाका आयुष्यात पहिल्यांदा विनोद करतायत, तर त्यांना नाउमेद करू नये. मी लिहिलं, 'बॅटरी पुरवठादार देणार आहे.' त्यावर त्यांचं समाधान झालं. त्यांच्यासकट उरलेल्या तिघांच्या सह्या एका सकाळीत झाल्या. 'आपल्या दरपत्रकानुसार नग एक' असा खरेदीचा आदेश टंकलेखन शाखेतून परस्पर गेला.

दहा दिवसांनी दुपारी शिपाई सांगत आला, "शिडी आली."

सगळं ऑफिस तळघरात जमलं. मावशी भिंतीजवळ उभ्या होत्या, खिळ्यांवर बोट फिरवत. शिपायाने टेबलावर एक खोका ठेवला. पावाचं पुडकं मावेल एवढा.

सगळ्यांनी आधी खोक्याकडे आणि मग खिळ्यांकडे पाहिलं.

"घडीची असेल," टंकलेखनातली एक बाई म्हणाली.

"किती घड्या?"

"आजकाल काहीही करतात. छत्री नाही का पर्समध्ये मावत?"

आक्षेपकाका पुढे आले. खोका हातात घेऊन त्यांनी वजनाचा अंदाज घेतला आणि अभिमानाने म्हणाले, "साडेचारशे ग्रॅम. बरोबर आहे. मी खुलासा मागवला होता."

मावशींनी खोका अलगद उघडला, कागद फाटू न देता. आतून काळा, चकचकीत कॅमेरा निघाला. तो कुठला आहे हे मी दहा फुटांवरून ओळखलं. पुरवठादार 'ब'. माझा आवडता.

मी शिपायाच्या मागे सरकलो. मावशींनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला, खोक्यात परत हात घालून चाचपलं, आणि मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "अरे, बाकीची उद्या येणार का?"

मी बोलणारच होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेब आले. गर्दी, खोका, कॅमेरा आणि स्वतःची सही असलेला आदेश, हे सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. आमच्या साहेबांचा एक नियम आहे. त्यांनी सही केली म्हणजे ती वाचूनच केली.

"आला का?" ते म्हणाले. "छान. मीच मागवला. आपण सगळ्या नकाशांचे फोटो काढणार आहोत. एकदा फोटो झाले की कुणाला वर चढायची गरजच नाही. शिडीचा प्रश्न कायमचा मिटला."

"पण साहेब," मावशी म्हणाल्या, "फोटो काढायला नकाशे खाली आणावे लागतील ना?"

"आणा की."

"कशावर चढून?"

"आजवर कशावर चढत होतात?" साहेबांनी विचारलं, आणि माझ्याकडे वळले. "वस्तूची इतकी बारीक माहिती तुम्हीच तक्त्यात दिलीत. तेव्हा फोटो तुम्हीच काढा. अगदी वरच्या कप्प्यापासून सुरुवात करा, म्हणजे शिडीची गरज लवकर संपेल."

संध्याकाळी शिडीच्या मूळ मागणीवर शेरा पडला: 'छायाचित्रणाची सोय झाल्याने मागणी निकाली.' आणि कॅमेरा नोंदवहीत माझ्या नावावर चढला.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही. सगळे गेल्यावर मी तो कॅमेरा हातात घेतला. पट्टा गळ्यात घातला. तो इतका नेमका हातात बसला, की मी खिडकीचा फोटो काढला, पंख्याचा काढला, माझ्याच बुटाचे तीन काढले. पहिली दहा मिनिटं मला शिडी आठवलीसुद्धा नाही. मग भिंतीवरचे ते दोन खिळे चौकटीत आले.

काम सुरू झालं. मावशी टेबलावर खुर्ची ठेवायच्या, 'आई गं' म्हणून डावा पाय वर घ्यायच्या आणि एकेक नकाशा खाली द्यायच्या. मी तो जमिनीवर पसरून फोटो काढायचो. तो परत गुंडाळून वर. दिवसाला बारा-तेरा. चार हजाराला किती दिवस लागतील हे मी एकदा मनात काढलं आणि मावशींच्या निवृत्तीपाशी थांबलो. हिशोब तिथून पुढे चालूच होता.

सगळ्यात वाईट म्हणजे मावशी माझ्याशी चांगल्या वागत होत्या. त्यांची खात्री होती की शिडीचा कॅमेरा साहेबांनीच केला.

"तू कशाला तोंड पाडून बसतोस?" त्या म्हणायच्या. "तू तर किती धावपळ केलीस माझ्यासाठी. चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहीत होतास, मी पाहिलंय ना." आणि त्यांच्या थर्मासमधला चहा मला द्यायच्या. स्वतःला झाकणात, मला कपात. टंकलेखनातल्या बायकांनाही त्यांनी सांगितलं होतं, की या ऑफिसात कुणी माणूस असेल तर तो खरेदीतला मुलगा. त्या बायका जिन्यात भेटल्या की माझ्याकडे मायेने बघायच्या. मी लिफ्ट घ्यायला लागलो. आमच्या ऑफिसला दोनच मजले आहेत.

एका दुपारी हिंमत करून मी कबुलीची टिपणी लिहिली. 'शिडीच्या प्रकरणी चुकीचा तक्ता अनवधानाने जोडला गेला आहे.' साहेबांनी बोलावून घेतलं.

"कुणाच्या अनवधानाने?"

"माझ्या, साहेब."

"तक्त्याखाली सह्या किती आहेत?"

"चार."

"त्यातली तुमची किती?"

"एक."

"म्हणजे अनवधान किती जणांचं झालं?"

"चौघांचं."

"अहो, एकाचं असेल तर ते अनवधान. चौघांचं असेल तर त्याला निर्णय म्हणतात." त्यांनी टिपणी घडी करून मला परत दिली. "जा, फोटो काढा."

खरं सांगायचं तर बाहेर पडताना मला बरं वाटलं. आपण प्रयत्न केला, आता वरून नकार आला, असं म्हणून मी जिना उतरलो. मावशींना काही सांगितलं नाही. सांगायला कुणाच्या मंजुरीची गरज नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी दोन कप चहा घेतला.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मावशी वर होत्या, आठव्या कप्प्याशी. मी खाली नकाशाच्या कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवत होतो. खर्रर असा आवाज आला. खुर्चीचा पाय टेबलाच्या कडेवरून घसरला आणि खुर्ची धाडकन जमिनीवर पडली. मावशी पडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी मांडणीचा गज पकडला होता आणि त्या तिथेच लोंबकळत होत्या, पाय टेबलापासून हातभर वर.

मी धावलो. गळ्यातला कॅमेरा हेलकावे खात मांडणीवर आपटला.

"अरे, आधी तो कॅमेरा काढून ठेव!" मावशी वरून ओरडल्या. "फुटला तर तुझ्या नावावर आहे तो!"

आयुष्यात मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. मी कॅमेरा जमिनीवर ठेवला, टेबलावर चढलो आणि मावशींचे पाय कवटाळले. आणि माझ्या तोंडातून सगळं बाहेर आलं.

"मावशी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"आत्ता?"

"शिडीच्या फाइलीत तो तक्ता मीच लावला. साहेबांनी नाही. कॅमेरा मला स्वतःला घ्यायचा होता, त्याचे कागद ऑफिसात ठेवले होते. व्हिडिओ बघता बघता बदलले गेले... नाही, मी बदलले. आणि कळल्यावरही गप्प बसलो."

माझ्या कानाशी फक्त त्यांची चप्पल होती.

"खुर्ची," मावशी म्हणाल्या.

मी एका हाताने पाय धरून दुसऱ्याने खुर्ची ओढायचा प्रयत्न केला, ते जमेना, मग पाय सोडून खुर्ची आणली. मावशी खुर्चीवर टेकल्या, टेबलावर आल्या, जमिनीवर उतरल्या. तळहात लालभडक झाले होते. त्यांनी ते झटकले. मला वाटलं आता मारतील, आणि मारावं असंही वाटलं.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या, "तीन आठवडे तू माझा चहा पितोयस."

एवढंच बोलून त्यांनी थर्मास उचलला, झाकण घट्ट लावलं आणि दिवसभर त्या दाराजवळच्या स्टुलावर पाठ करून बसल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. कामाचं तेवढं बोलायच्या, तेही 'अहो' म्हणून. चार वर्षांत मावशींनी मला कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. मी मनातल्या मनात आक्षेपकाकांसारखी चिठ्ठी लिहून पाहिली, 'अहोबाबत खुलासा व्हावा.' पण खुलासा मला माहीत होता.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मावशी, कॅमेऱ्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे तसेच आहेत. मी शिडी आणतो. उद्या. निवडायला मला थोडा..."

"तुम्ही निवडणार?"

मी खिशातून वही काढली.

"राहू द्या. मी येते."

ऑफिस सुटल्यावर आम्ही लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. तिथे भिंतीला पंधरा शिड्या टेकवलेल्या होत्या. मावशींनी पहिली दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. नको. दुसरी हलवली. नको. चौथीवर दोन पायऱ्या चढल्या, डावा गुडघा वाकवून पाहिला, वरून दुकानदाराला विचारलं, "किती वर्षं झाली आणून? गंजलीय का कुठे?" उतरल्या. "ही."

सहा मिनिटं. मी घड्याळात पाहिलं होतं. मी दुकानदाराला वजन विचारायला तोंड उघडलं, तशा मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

शिडी खांद्यावर घेऊन घरी गेलो. आईने दार उघडलं, शिडीचं पहिलं टोक आत आलं, मग बराच वेळ शिडीच आत येत राहिली आणि शेवटी मी आलो.

"तू कॅमेरा घेणार होतास ना?"

"हो."

"मग यावर चढून काढायचे का फोटो?"

मी सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं, पण त्या दिवशी वाढताना माझ्याकडे पाहिलं नाही. फोटोकाका जिन्यात भेटले. त्यांनी शिडी पाहिली, बोटांची चौकट केली, तिच्यातून शिडी पाहिली, मला पाहिलं, आणि चौकट मोडून वर निघून गेले.

सकाळी फाटकावर रखवालदाराने अडवलं. नोंदवहीत नसलेली वस्तू ऑफिसात ठेवता येत नाही. खाजगी वस्तू म्हणून आणायची तर रोज आत आणायची, रोज बाहेर न्यायची आणि रोज सही करायची. वहीत माझ्या वरच्या ओळीत होतं, 'डबा, एक. छत्री, एक.' मी लिहिलं, 'शिडी, एक.'

"उद्देश?" रखवालदाराने विचारलं.

"चढणे."

"आणि संध्याकाळी बाहेर नेण्याचा?"

"उद्या आणणे."

त्याने ते लिहून घेतलं.

मावशी कक्षात वाट पाहत होत्या. मी शिडी उघडून मांडणीला लावली. तिच्या बाजूला एक पिवळा कागद चिकटवलेला होता. माहितीपत्रक दिसलं की वाचल्याशिवाय मला राहवत नाही. त्यावर लिहिलं होतं, वापरताना एका व्यक्तीने खाली शिडी दोन्ही हातांनी धरून उभे राहावे. मी धरून उभा राहिलो.

मावशी चढल्या. एकेक पायरी, उजवा पाय आधी, डावा मागून. 'आई गं' म्हणाल्या नाहीत. नवव्या कप्प्याशी पोचल्या आणि थांबल्या. तिथे छताला लागून एक झरोका आहे, खालून तो कुणाला दिसत नाही. त्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हे एवढे सगळे आहेत होय इथे? मी एकोणतीस वर्षं नुसत्या बोटांनी चाचपत होते. पार मागपर्यंतचे कधी दिसलेच नाहीत." त्यांनी एक गुंडाळी काढली, फुंकर मारली, तिथेच थोडी उलगडली आणि वाचत राहिल्या. खाली यायची काही घाई दिसेना.

चार महिने मी जगातल्या सगळ्या कॅमेऱ्यांची माहिती काढली होती आणि फोटो कशाचा काढायचा हे मला माहीत नव्हतं. आता समोर होता. कॅमेरा गळ्यातच होता.

तेवढ्यात साहेब दारात आले. त्यांनी वर पाहिलं. "वा! अहो, काढा, काढा हा! प्रगती अहवालात घालू. फक्त शिडी तेवढी येऊ देऊ नका, ती मंजूर नाहीये."

"साहेब, माझे हात मोकळे नाहीत."

"एका हाताने काढा. हलका आहे तो."

"सोडू नकोस रे," वरून आवाज आला.

रे. तीन दिवसांनी.

"नाही सोडत, मावशी."

"आणि वर काय बघतोस? खाली बघ, शिडी सरकतेय का ते."

साहेब दारात खोळंबून उभे होते. वर झरोक्याशी मावशी आरामात दुसरा नकाशा उलगडत होत्या. मी दोन्ही हातांनी शिडी धरून, मान खाली घालून उभा राहिलो.